दोन फुटी ‘फुल सेट’ फिश टँक: कमी उजेडाच्या झाडांसाठी त्यातलं काय ठेवावं, काय दुकानातच सोडावं

कुर्ल्याच्या फिश मार्केटपासून तालुक्याच्या गावातल्या एकुलत्या एक दुकानापर्यंत ‘फुल सेट’ म्हणून साधारण एकच वस्तू विकली जाते. 2 × 1 × 1 फुटाची काच, लाइट बसवलेलं प्लॅस्टिकचं झाकण, टॉप फिल्टर, निळे-गुलाबी खडे, मागे चिकटवायचं पोस्टर, प्लॅस्टिकची झाडं, अँटिक्लोरिन, निळ्या औषधाची बाटली आणि वर ‘दहा मासे फ्री’. प्रश्न असा, की खरी झाडं लावलेला, कमी उजेडावर चालणारा आणि वेगवेगळ्या जातींचे लहान मासे गुण्यागोविंदानं राहतील असा टँक यातून होतो का? होतो. काच आणि फिल्टर घ्या, लाइट घ्या पण त्याचे तास कमी ठेवा, बाकीचं सगळं तिथेच सोडा आणि वाचलेले पैसे टेस्ट किटमध्ये आणि झाडांमध्ये घाला.

कमी उजेड म्हणजे टँक अंधाऱ्या कोपऱ्यात ढकलणं नव्हे. झाडांच्या कामाचा प्रकाश ‘पार’ या मापानं मोजतात. तळाशी तो 15 ते 30 मायक्रोमोल असेल तर टँक कमी उजेडाचा. या प्रकाशात झाडं सावकाश वाढतात, त्यामुळे त्यांची कार्बन डायऑक्साइडची आणि खताची गरजही बेताची राहते; हवेतून आणि माशांच्या श्वासातून पाण्यात येणारा वायू पुरतो, सिलिंडर लागत नाही. उजेड दुप्पट केला की झाडाची मागणी वाढते. ती पुरवली नाही तर वाढ अडते आणि उरलेल्या उजेडावर शेवाळ पोसतं. या प्रकारच्या टँकमधल्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं, आणि दुकानदाराचा सल्ला मात्र हमखास ‘लाइट वाढवा’ असा येतो.

काच आणि स्टँड

2 × 1 × 1 फुटाच्या टँकचं माप 56 लिटर भरतं. पण वाळू, दगड आणि वर सोडलेली दोन बोटं जागा वजा केली की खरं पाणी 45 लिटरच्या आसपास उरतं. औषध, खत, मासे, सगळ्याचा हिशेब या 45 वर करायचा. काच 5 मिलिमीटरची चालते. सांध्यांचं सिलिकॉन सलग आहे ना, बुडबुडे नाहीत ना, एवढं बोट फिरवून बघा. भरलेल्या टँकचं वजन सत्तर-पंचाहत्तर किलो होतं, म्हणून टीव्हीच्या शोकेसवर तो ठेवू नये. खाली थर्माकोल किंवा फोमची शीट हवीच, नाहीतर स्टँडवरचा एखादा खडाही तळाला तडा देतो. टँक खिडकीच्या उन्हात नको, आणि कूलर-एसीच्या थेट झोतातही नको.

लाइट

झाकणातला एलईडी बहुधा 8 ते 12 वॅटचा असतो. या टँकला तो पुरेसा आहे, बरेचदा जास्तच. लाल-निळे दिवे मिसळलेल्या पट्ट्यांत मासे रंगीत दिसतात, झाडांना त्याचा वेगळा फायदा होत नाही. झाकणातला लाइट बंद पडला तर महागडी ‘प्लँट लाइट’ घेण्याआधी विजेच्या दुकानातली 2 फुटी, 10 वॅटची, 6500 केल्विनची (पांढऱ्या उजेडाची) घरगुती बॅटन, म्हणजे ट्यूबसारखी एलईडी पट्टी, बघा. ती साधारण 1000 लुमेन देते, म्हणजे लिटरला वीस-बावीस लुमेन. कमी उजेडाच्या टँकसाठी ही वरची मर्यादा, म्हणून ती पाण्यापासून सहा-आठ इंच वर टांगा. मध्ये काचेचं झाकण हवंच, कारण ही बॅटन पाण्याचे शिंतोडे सोसण्यासाठी बनवलेली नसते.

लाइटपेक्षा महत्त्वाचा टायमर. प्लगमध्ये बसणारा साधा फिरत्या चकतीचा टायमर घ्या. पहिला महिना 6 तास, नंतर 7. आठच्या वर जाऊ नका. संध्याकाळी घरी आल्यावर टँक बघायचा असेल तर दुपारी 3 ते रात्री 10 ठेवा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत दिवा चालू ठेवणाऱ्या घरांत अनुबियस या सावकाश वाढणाऱ्या झाडाची पानं हिरव्या टिपक्यांनी भरलेली दिसतात, ती यामुळेच.

फिल्टर

सेटबरोबरच्या टॉप फिल्टरला अनुभवी लोक नाकं मुरडतात. तेवढं काही त्यात वाईट नाही. पंप पाणी वर चढवतो, ते ट्रेमधल्या पांढऱ्या कापसातून गाळून खाली पडतं. अडचण एवढीच, की ट्रेमध्ये फक्त कापूस असतो आणि तो दर आठवड्याला फेकला जातो. माशांच्या घाणीतून येणारा विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच कापसावर वाढलेले असतात, म्हणजे दर आठवड्याला त्यांनाही कचऱ्यात टाकल्यासारखं होतं. उपाय सोपा: ट्रेच्या तळाशी भरड स्पंज आणि सिरॅमिक रिंग कायमच्या ठेवा, कापूस फक्त वरच्या थराला. कापूस बदला; स्पंज मात्र काढलेल्या टँकच्याच पाण्यात पिळून परत ठेवा, नळाखाली कधीच धुऊ नका.

पंपाच्या खोक्यावर ताशी 600-800 लिटर लिहिलेलं असतं. इथे ताशी 200 ते 250 लिटर पुरतात. प्रवाह फार असेल तर पिग्मी कोरी आणि हनी गोरामी हे पुढे सुचवलेले लहान मासे कोपऱ्यात दबून बसतात. पंपाच्या तोंडावर स्पंजची टोपी चढवा, नाहीतर कोळंबीची पिल्लं आत ओढली जातात. एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर याहून स्वस्त, आणि कोळंबी ठेवायची असेल तर जास्त चांगला. फक्त त्याची गुरगुर झोपायच्या खोलीत नकोशी होते. वाळूखाली टाकायची अंडरग्रॅव्हल प्लेट मात्र नकोच. मुळं तिच्यात अडकतात आणि पुढे साफसफाईला सगळा टँक उकरावा लागतो.

टॉप फिल्टरचा एक फायदा कुणी सांगत नाही: त्याच्या ट्रेमध्ये मनी प्लांट लावता येतो. दोन फांद्यांची मुळं पाण्यात आणि पानं बाहेर ठेवा. त्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड हवा तेवढा मिळतो, त्यामुळे पाण्यातल्या कुठल्याही झाडापेक्षा जास्त वेगानं तो नायट्रेट (अमोनिया पचल्यावर शेवटी उरणारा पदार्थ) ओढतो. घरोघरी असतोच, कुणीही एक फांदी देतं.

खडे, वाळू, लाकूड

रंगीत खडे घेऊ नका. त्यांचा रंग पुढे उतरतो आणि दोन खड्यांमधल्या फटीत अन्न सडत राहतं. त्याऐवजी पाण्याच्या फिल्टरमध्ये भरतात ती सिलिका वाळू, एक-दोन मिलिमीटरची. या टँकला 5 सेंटिमीटर थरासाठी 13-14 किलो लागते. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. कोणताही दगड टाकण्याआधी त्यावर व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर तो चुनखडीचा किंवा संगमरवराचा, पाणी जड (क्षारयुक्त) करत राहणार. आपल्याकडचा काळा बेसॉल्ट बहुधा काही करत नाही, पण पांढऱ्या शिरा असलेला तुकडा नको. ‘अ‍ॅक्वासॉइल’ची, म्हणजे झाडांसाठीच्या खतमिश्रित मातीची, या टँकला गरज नाही, त्यातले काही प्रकार सुरुवातीचे आठवडे अमोनिया सोडतात, म्हणजे जादा पैसे देऊन जादा कटकट. लाकूड घेतलंत तर उकळून घ्या. पाणी चहासारखं पिवळं होईल, त्यानं माशांचं काही बिघडत नाही.

झाडं

इथे हात सैल सोडायला हरकत नाही, फक्त योग्य जातींवर.

अनुबियस नाना पश्चिम आफ्रिकेतलं, जाड गडद पानांचं. त्याचं खोड हळदीच्या गड्ड्यासारखं आडवं वाढतं आणि ते वाळूत पुरलं की सडतं. ही एकच चूक बहुतेक अनुबियस मारते. विकत घेताना हे खोड नखानं हलकेच दाबून बघा: घट्ट आणि हिरवं हवं. मऊ, तपकिरी, वास येणारा तुकडा फुकट दिला तरी नको. दगडावर किंवा लाकडावर बांधायला नायलॉनचा दोरा वापरा, सुती दोरा महिन्या-दोन महिन्यांत कुजतो. फेविक्विकही चालतं, कारण सायनोअ‍ॅक्रिलेट पाण्याशी गाठ पडताच घट्ट होतं आणि मग माशांना त्याचा त्रास नाही. ते पातळ असल्यामुळे ओघळतं, म्हणून दगडावर टिश्यूचा छोटा बोळा ठेवून त्यावर दोन थेंब टाका, खोड टिपून कोरडं करा आणि पंधरा सेकंद दाबून धरा. पांढरा डाग राहील, मुळं वाढली की झाकतो. तीन-चार आठवड्यांना एक पान, हा याचा सामान्य वेग. ‘वाढतच नाही’ म्हणून खताचा मारा करू नका.

जावा फर्नचंही तेच, खोड वर ठेवायचं. पानांच्या खाली ओळीनं तपकिरी ठिपके आले की लोक रोग समजून पानं कापतात. ते बीजाणू असतात. पानाच्या टोकाला इवलं रोपटं फुटतं, ते दोन-तीन इंचाचं झालं की खुडून दुसऱ्या दगडाला बांधा. पानात आरपार टाचणीएवढी भोकं पडून ती कडेनं पिवळी होत असतील तर मात्र पोटॅशियम कमी पडतंय.

क्रिप्टोकोरिन वेंडटाय श्रीलंकेची, हिरव्या आणि तपकिरी छटांत मिळते. ती वाळूतच लावायची आणि अन्न मुळांतून घेते, म्हणून प्रत्येक दोन रोपांमध्ये एक रूट टॅब, म्हणजे वाळूत पुरायची खताची गोळी, दर तीन महिन्यांनी. नव्या पाण्यात गेली की आठवड्याभरात तिची सगळी पानं लिबलिबीत होऊन गळतात. घाबरून उपटू नका. गळलेली पानं काढा, मुळं तशीच राहू द्या, तीन-चार आठवड्यांत पाण्याखालची नवी पानं येतात. जागा बदलली, पाणी एकदम बदललं, की हाच प्रकार पुन्हा. याच कुळातल्या स्पायरॅलिस आणि रेट्रोस्पायरॅलिस पश्चिम घाटातल्या ओढ्या-नद्यांत वाढतात. दुकानात मिळाल्या तर जरूर घ्या; ओढ्यातून उपटून आणू नका. त्या जागेचंही नुकसान, आणि मुळांबरोबर शेतातलं फवारणीचं औषध टँकमध्ये आलं तर कोळंबी एका रात्रीत संपते.

जावा मॉस मूठभर पुरतं. तरंगणारं साल्व्हिनिया चालेल, पण अर्ध्याहून जास्त पाणी झाकू देऊ नका, आणि टॉप फिल्टरची धार त्यावर पडली तर ते टिकत नाही.

दुकानात शिशाच्या पट्टीनं बांधलेल्या लाल जुड्या दिसतात: लुडविजिया, लाल कॅबोम्बा, रोटाला. दिसायला बहारदार, पण या उजेडात खालची पानं झडून दांडे उरतात. त्याहून वाईट म्हणजे ‘पाण्यातलं झाड’ म्हणून विकली जाणारी जमिनीवरची झाडं: लकी बांबू म्हणजे ड्रॅसिना, सिंगोनियम, जांभळ्या चुरगळलेल्या पानांची शोभेची रोपं. पूर्ण बुडवली की काही आठवड्यांत-महिन्यांत ती कुजतात आणि अमोनिया वाढवतात. ओळखायची खूण सोपी: पाण्याबाहेर काढल्यावर जे ताठ उभं राहतं आणि ज्याचं पान मेणचट-चिवट असतं, त्याबद्दल शंका घ्या. अनुबियस याला अपवाद, म्हणून नाव माहीत करूनच जा.

दोन फुटांसाठी तीन अनुबियस, दोन जावा फर्न, पाच-सहा क्रिप्टोकोरिन आणि मूठभर मॉस. पहिल्याच दिवशी सगळं लावा. टँकमध्ये घालण्याआधी गोगलगायी आणि त्यांची अंडी मारायला 4 लिटर पाण्यात 15 ग्रॅम तुरटी विरघळवून झाडं दोन-तीन तास बुडवा, मग खळखळून धुवा.

बाटल्या आणि टेस्ट किट

सेटमधलं अँटिक्लोरिन म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट. स्वस्त आणि उपयोगी. स्फटिक मिळाले तर 10 ग्रॅम 100 मिलि पाण्यात विरघळवा. 15 लिटरच्या बादलीला यातलं 2 मिलि टाकलं तर साधारण 2 पीपीएमपर्यंतचं (लिटरला 2 मिलिग्रॅम) क्लोरीन निष्क्रिय होतं. तेवढं नळाच्या पाण्याला पुरतं. पावसाळ्यात पालिका क्लोरीन वाढवते आणि नळाला वास येतो, तेव्हा मात्रा दीडपट करा. सीकेम कंपनीचं प्राइम हे याच कामाचं औषध महाग, पण 5 मिलिला 200 लिटर पाणी होतं आणि अमोनिया आणि तो पचताना मधल्या टप्प्यात होणारं विषारी नायट्राइटही दिवसभरासाठी बांधून ठेवतं, म्हणून अडीअडचणीला एक छोटी बाटली घरात असावी. पाणी थेट टँकमध्ये ओतणार असाल तर मात्रा पूर्ण 45 लिटरची घ्या, म्हणजे एक मिलिहून किंचित जास्त.

निळं औषध, म्हणजे मिथिलिन ब्लू, झाडांच्या टँकमध्ये टाकायचं नाही. सिलिकॉन कायमचं निळं होतं, फिल्टरचे जिवाणू दबतात, झाडं कोमेजतात. जाडं मीठही नको. आजारी मासा वेगळ्या बादलीत, एअर स्टोन लावून, तिथे काय ते उपचार.

टेस्ट किट मात्र थेंबांचीच घ्या, कागदी पट्ट्यांच्या भरवशावर राहू नका. एपीआय कंपनीची गोड्या पाण्याची मास्टर किट सर्वत्र ओळखीची आहे. सेटच्या किमतीच्या मानानं ती महाग वाटते, पण काही वर्षं पुरते. तिच्यातली नायट्रेटची चाचणी अनेकांची चुकते. दुसऱ्या क्रमांकाच्या बाटलीतला पदार्थ तळाशी बसतो, म्हणून ती बाटली तीस सेकंद जोरात हलवावी लागते आणि थेंब टाकल्यावर नळी पूर्ण एक मिनिट. तसं न केल्यास नायट्रेट खोटं-खोटं शून्याजवळ दिसतं आणि माणूस निर्धास्त राहतो.

मासे घालायच्या आधी

अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला 4 ते 6 आठवडे लागतात. ‘आज पाणी भरा, उद्या मासे न्या’ हे ऐकू नका; फ्रीचे दहा मासे याच आठवड्यांत मरतात. पाण्यात अमोनियम क्लोराइड टाकून टँक आधी पिकवता येतो, म्हणजे माशांशिवायच हे जिवाणू वाढवता येतात. कल्हईवाल्यांचा नवसागर म्हणजे हेच रसायन, पण बाजारातल्या खड्यात आणखी काय आहे ते कळत नाही, म्हणून प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडून शुद्ध घ्या. 10 ग्रॅम एक लिटर पाण्यात विरघळवा. यातलं 30 मिलि टाकलं की 45 लिटरमध्ये अमोनिया 2 पीपीएमच्या जवळ जातो. तो शून्यावर आला की पुन्हा तेवढंच. 24 तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य होऊ लागले की काम झालं. मग निम्मं-अधिक पाणी बदला आणि मासे आणा. चालू, निरोगी टँकमधला मळका स्पंज मिळाला तर हेच एक-दोन आठवड्यांत होतं. बाटलीबंद जिवाणूंचा परिणाम कधी दिसतो, कधी नाही. ते वापरलेत तरी चाचणी सोडू नका.

अमोनियाच्या आकड्याबरोबर पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी याचं माप, तेही बघा. 25 अंशांना पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो, पीएच 8 ला तोच पाच टक्क्यांवर जातो. धरणाच्या पाण्यात निभावून गेलेला हलगर्जीपणा बोअरच्या पाण्यात मासे मारतो, तो यामुळे.

मासे

पाणी माशाप्रमाणे बदलत बसू नका, मासा पाण्याप्रमाणे निवडा. मुंबई-पुण्याचं धरणाचं नळाचं पाणी मऊ असतं. बोअरचं पाणी बहुधा जड. पातेल्याला किंवा गीझरला पांढरा थर चढत असेल तर उत्तर मिळालंच. आरओचं निव्वळ पाणी नको: त्यात पीएच धरून ठेवणारे क्षार जवळपास नसतात आणि तो अचानक कोसळतो.

मऊ पाण्याचा टँक आमच्या मते असा भरावा: 8 हार्लेक्विन रासबोरा, 6 पिग्मी कोरी, हनी गोरामीची एक जोडी. बस. दोन महिन्यांनी 10 चेरी कोळंबी. तिची पिल्लं गोरामी खातो, पण मॉस दाट असेल तर काही वाचतात. हार्लेक्विनऐवजी 10 एम्बर टेट्रा किंवा 6 चेरी बार्ब चालतील. निऑन टेट्रा सगळ्यांनाच हवा असतो, पण उन्हाळ्यात पाणी 30 अंशांवर जाणाऱ्या घरात तो खंगतो. त्याच्याऐवजी कार्डिनल घ्या, तो उष्णता जास्त सोसतो. ओटोसिंक्लस शेवाळ खातो खरा, पण नव्या टँकमध्ये त्याला खायला काही नसतं आणि तो पोट आत जाऊन मरतो. तीन महिने थांबा. जड पाणी असेल तर गप्पी किंवा प्लॅटी, आणि फक्त नर, नाहीतर सहा महिन्यांत संख्या आवरत नाही.

न घ्यायची यादी मोठी आहे. ‘सकर’ काच साफ करेल म्हणून देतात. तो दीड फुटाचा होतो आणि अनुबियसही खरवडतो. ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा पंगॅसियस मीटरभर वाढणारा नदीतला मासा आहे. मिस केरळ देखणी, पश्चिम घाटातलीच, पण तिला चार फुटी टँक आणि जोरदार प्रवाह लागतो. टायगर बार्ब गोरामीचे धाग्यासारखे पर कुरतडतो. एंजल मोठा झाला की निऑनच्या आकाराचे मासे गिळतो. वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा गोल्डफिश मागणाऱ्यांनी झाडांचा नाद सोडावा, कारण ते झाडं उपटतात आणि 45 लिटर त्यांना कशालाच पुरत नाही. गुलाबी, जांभळे, चमकदार रंगवलेले टेट्रा आणि काचमासे तर घेऊच नका. माशाला सुई टोचून किंवा रंगात बुडवून ते केलेलं असतं.

दुकानात एक मेलेला मासा दिसला तरी त्या टाकीतलं काही घेऊ नये. पोट आत गेलेले, पर मिटून बसलेले, पांढरे ठिपके असलेले नाहीत ना बघा, आणि समोर खायला घालायला सांगा. आपल्याकडचे बरेच मासे चेन्नईच्या कोलातूरहून किंवा कोलकात्याहून पिशवीत लांबचा प्रवास करून येतात, म्हणून माल उतरला त्याच दिवशी खरेदी टाळा, तीन-चार दिवसांनी जा. घरी पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवा, मग दर पाच मिनिटांनी अर्धा कप टँकचं पाणी घाला, आणि जाळीनं मासे सोडा. पिशवीतलं पाणी टँकमध्ये नाही. आधी रासबोरा, दोन-तीन आठवड्यांनी कोरी, शेवटी गोरामी.

आठवड्याचं काम आणि खत

दर आठवड्याला एक बादली, म्हणजे 12 ते 15 लिटर पाणी. बादली फक्त याच कामाची, साबण न लागलेली. नायट्रेट 10 ते 20 मध्ये राहिलं की ठीक. तळ उकरायचा नाही, वरची घाण पाइपनं ओढून घ्यायची. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढं, आणि आठवड्यातून एक दिवस उपास.

एवढे मासे असतील तर नायट्रेट बहुधा वरून द्यावं लागत नाही. पोटॅशियम मात्र कमी पडतं, आणि त्यासाठी अ‍ॅक्वेरियमच्या बाटल्यांची गरज नाही. कृषी सेवा केंद्रात 00:00:50 नावाचं विद्राव्य खत किलोच्या पुड्यात मिळतं, ते पोटॅशियम सल्फेट. 25 ग्रॅम अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवा आणि पाणी बदलल्यावर 10 मिलि घाला. 45 लिटरमध्ये सुमारे 5 पीपीएम पोटॅशियम वाढतं. नायट्रेट 5 च्या खाली राहत असेल तर त्याऐवजी 13:00:45, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट: याच प्रमाणात विरघळवून 7 मिलि. पण पुड्या नीट वाचून घ्या. 19:19:19 मध्ये युरिया आणि अमोनियम असतं, 12:61:00 हे तर अमोनियम फॉस्फेटच. दोन्ही टँकमध्ये गेलं की मासे गेले. शेतीची सूक्ष्म अन्नद्रव्यंही टाळा, त्यातलं तांबं कोळंबीला घातक. लोह वगैरेसाठी सीकेम फ्लरिशसारखं तयार खत आठवड्याला एक मिलिपर्यंत.

शेवाळ येणारच. पहिल्या दोन महिन्यांत काचेवर तपकिरी पूड दिसते, ती पुसा, आपोआप जाते. लाकडाच्या आणि अनुबियसच्या कडांवर काळे केसाळ झुपके आले तर तळातली घाण वाढली आहे आणि लाइट जास्त आहे. फिल्टर बंद करून 3 टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजनं नेमकं त्या झुपक्यांवर सोडा, एकूण 10 मिलिच्या वर नाही, दहा मिनिटांनी फिल्टर चालू. मॉसवर ते पडू देऊ नका. दोन-तीन दिवसांत झुपके लालसर होऊन मरतात, पण लाइटचा तास कमी केला नाही तर परत येतात. निळसर-हिरवा, वास मारणारा, चादरीसारखा उचलला जाणारा थर वेगळा: ते सायनोबॅक्टेरिया, बहुधा प्रवाह न पोचणाऱ्या कोपऱ्यात आणि नायट्रेट शून्यावर गेल्यावर. शक्य तितकं ओढून काढा, टँक चार दिवस कापडानं पूर्ण झाका, मग पाणी बदला.

उन्हाळा, थंडी, गणपती

एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्यात पाणी 32 अंशांवर जातं. झाकण उघडून पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनानं दोन ते चार अंश उतरतात; रोज कमी झालेलं पाणी भरत राहा. बर्फाचे तुकडे नकोत, तापमान झोके घेतं आणि मासे त्यानंच आजारी पडतात. हीटर मुंबईत क्वचितच लागतो. पुणे-नाशिकच्या थंडीत 50 वॅटचा पुरतो, 25 वर लावून ठेवा. वीज तास-दोन तास गेली तर एवढ्या कमी माशांना काही होत नाही. त्याहून जास्त जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्या.

गणपतीला आठवडाभर गावी जाणार असाल तर निघायच्या दोन दिवस आधी पाणी बदला, लाइट टायमरवर सोडा, पंखा आणि हीटरच्या वायरी तपासा. पूर्ण वाढलेले निरोगी मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. शेजाऱ्यांना डबी देऊन जाऊ नका, आणि ‘हॉलिडे ब्लॉक’ही (सुट्टीत हळूहळू विरघळणारी खाण्याची वडी) टाकू नका, दोन्हींत पाणी नासायचा धोका उपाशीपणापेक्षा मोठा. आल्यावर आधी अमोनिया मोजा, एक बादली पाणी बदला, मग चिमूटभर खाणं.